पानाचा दर, मनगटाचा हिशेब

दिवाळी अंक वाचकांच्या हाती ऑक्टोबरात पडतो, पण आमच्याकडे त्याची चाहूल आषाढातच लागते. श्रावण सुरू झाला की मॅटर यायला लागतं. मॅटर म्हणजे टाईप करायचा मजकूर. कथा, कविता, वैचारिक लेख, राशिभविष्य, पैठणीची जाहिरात, आमच्या धंद्यात सगळं मॅटरच. त्यातलं बरंचसं अजूनही हातानं लिहिलेलं असतं. समासात बाण काढून घुसवलेले परिच्छेद, खोडून पुन्हा जिवंत केलेली वाक्यं, पाठपोट लिहिल्यामुळे मागची शाई पुढे उमटलेली. गणपतीपर्यंत पहिली प्रुफं, पितृपक्षात दुसरी आणि घटस्थापनेच्या आगेमागे अंक छपाईला. एकेका दुकानात असे चार-पाच अंक एकदम चालू असतात आणि प्रत्येक संपादकाला आपलाच अंक आधी हवा असतो.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, वाड्यांच्या तळमजल्यांवर आणि इमारतींच्या जिन्यांखाली डीटीपीची दुकानं आहेत. त्यातल्याच एका दुकानात मी बरीच वर्षं ऑपरेटर आहे. आमचा मोबदला महिन्यावर नाही, पानावर. पान टाईप झालं की पैसे. करेक्शन त्याच दरात. म्हणजे लेखकानं दुसऱ्या प्रुफावर अख्खा परिच्छेद नव्यानं लिहून दिला, तरी तो त्याच पानात धरलेला. या हिशेबात एक रकाना कुठेच नसतो: हात थांबला, तर त्या वेळाचे पैसे कुणी द्यायचे? मनगटाच्या दुखण्याबद्दल मला जे काही कळत गेलं, ते शेवटी याच प्रश्नापाशी आलं.

दुखणं एकाएकी आलं नाही. आधी संध्याकाळी बोटं जड वाटायची. मग अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या. दिवसा कामाच्या रेट्यात त्याकडे लक्ष जायचं नाही. रात्री अडीच-तीनला मात्र जाग यायची, तेव्हा हात आपला वाटायचा नाही. उठून बसायचं, थर्मामीटर झटकतात तसा हात झटकायचा, की थोड्या वेळानं जीव परत यायचा. पुढे पुढे चहाचा कप धरताना पकड सुटायला लागली, साडीची पिन लावता येईना. सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी तिळाचं तेल, कुणी ओव्याचा शेक, कुणी कॅल्शियमच्या गोळ्या. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं जेलची उशी आणून दिली. शेकानं बरं वाटायचं, उशीनं काही होत नव्हतं.

आमच्याकडे प्रुफं वाचायला एक काका यायचे. त्यांनी आयुष्याची सुरुवात खिळे जुळवण्यापासून केली होती. लेटरप्रेस बंद पडल्यावर कम्प्युटर शिकण्याऐवजी ते प्रूफरीडर झाले. माझा हात बघून ते म्हणाले, "आम्ही उभं राहून काम करायचो. हात खांद्यापासून फिरायचा. तुमची नुसती बोटं फिरतात, बाकी सगळं अंग बांधून ठेवल्यासारखं." कंपोझिटर खिळ्यांच्या केससमोर उभा असायचा. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणाखणांतून खिळे उचलतोय. देवनागरीला जोडाक्षरांमुळे खण इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे हाताची फेरीही लांबची. ओळ भरली की जागा सारखी करायची, मजकूर गॅलीत उतरवायचा, दोऱ्यानं बांधायचा, छापून झालं की एकेक खिळा परत आपापल्या खणात. त्या कामाचे भोग वेगळे होते. काकांच्या पायांच्या शिरा फुगलेल्या होत्या, डोळे अधू झाले होते आणि जन्मभर शिशात हात घातला होता. त्या दिवसांचं कौतुक त्यांनाही नव्हतं. पण तोच तो स्नायू तासन् तास चालवायचा, असं त्यांच्या कामात नव्हतं.

मी स्वतः शिकले टाइपरायटरवर, साताऱ्याच्या एका टायपिंग क्लासमध्ये. परीक्षा परिषदेची मराठी तीस शब्दांची आणि मग चाळीस शब्दांची परीक्षा दिली, तीही गोदरेजच्या मशीनवर. गोदरेजनं पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर १९५५ मध्ये बाजारात आणला आणि २००९ पर्यंत ही यंत्रं बनवली, त्यामुळे माझ्या पिढीच्या बहुतेक टायपिस्टांची बोटं याच मशीनवर घडली. कळ खोलवर दाबावी लागे. करंगळीनं दाबलेलं अक्षर फिकं उमटलं, की सर कागद डोळ्यांपुढे धरत. पण त्या यंत्रात एक गोष्ट होती, जिची किंमत मला फार उशिरा कळली. समास जवळ आला की घंटी वाजायची. मग डावा हात कीबोर्डावरून उचलायचा, लिव्हर धरायची, कॅरेज उजवीकडे सारायचं आणि पुन्हा कळांवर यायचं. पान संपलं की कागद काढायचा, दुसरा कागद आणि मधला कार्बन नीट लावून रोलरमधून फिरवायचा. चूक झाली की थांबून रबरानं खोडायचं. दर ओळीला एक, दर पानाला एक, अशी थांबण्याची जागा यंत्रातच बसवलेली होती. ती कुणी उपकार म्हणून दिलेली नव्हती. यंत्राला तेवढंच जमत होतं, इतकंच.

कम्प्युटर आला आणि हे सगळे थांबे गेले. ओळ आपोआप खाली उतरते, पान आपोआप पुढे सरकतं, चूक एका कळीनं पुसली जाते. आम्ही खूश झालो. वेग वाढला, दिवसाची पानं वाढली, आणि पानाचा दर त्या वाढीव वेगाच्या हिशेबानं उतरला. विश्रांती मात्र कुणी हिशेबात धरलेलीच नव्हती, त्यामुळे ती गेल्याचंही कुणाच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "रात्री हात झटकता का?" मी हो म्हणताच त्यांनी मान हलवली. मग विचारलं, मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना? करंगळीलाही येतात का? त्यांनी मला दोन्ही हातांचे पंजे उलटे, पाठीला पाठ लावून, मनगटं दुमडून छातीसमोर धरायला लावले आणि घड्याळ बघत बसले. मिनिट पुरं व्हायच्या आत उजव्या अंगठ्याला मुंग्या आल्या. या तपासणीला फॅलेनची टेस्ट म्हणतात. पुढे नर्व्ह कंडक्शनची तपासणी झाली आणि कार्पल टनेल सिंड्रोम, सौम्य प्रमाणात, असा शिक्का बसला.

कागदावर आकृती काढून त्यांनी मला हात समजावून सांगितला. मनगटाच्या आतल्या बाजूला एक चिंचोळा बोगदा असतो. तळ आणि भिंती हाडांच्या, वरचं छत जाड पट्ट्याचं. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ शिरा, म्हणजे टेंडन, जातात आणि त्यांच्यासोबत एक नस, मीडियन नर्व्ह. टेंडनवरचं आवरण सुजलं की जागा कमी पडते, आणि या दाटीत सगळ्यात मऊ असते ती नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्यांची जाणीव तिच्याकडे. करंगळीची नस या बोगद्यातून जातच नाही, म्हणून करंगळी ठीक होती. मनगट वर वाकवा किंवा खाली, दोन्हीकडे बोगद्यातला दाब वाढतो. झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली घालतो, म्हणून हे दुखणं रात्री जागं करतं.

त्यांनी थायरॉईड आणि साखरेच्या तपासण्याही करायला लावल्या. थायरॉईड मंदावलेला असेल, मधुमेह असेल, गरोदरपण असेल, तरी हाच त्रास होतो, आणि बायकांना तो पुरुषांपेक्षा जास्त होतो. टायपिंगच्या डोक्यावर सगळं खापर फोडू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. या दुखण्यात कीबोर्डचा वाटा किती, यावर जाणकारांचंही एकमत नाही. शिवाय टाईप करणाऱ्यांची दुखणी सगळी याच बोगद्यातली नसतात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर ते वेगळं. फ्रिट्झ द केर्व्हां या स्विस सर्जननं १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि ते आजही त्याच्या नावानं ओळखलं जातं. हल्ली मोबाईलवर अंगठ्यानं लिहिणाऱ्यांत आणि तान्ही बाळं उचलणाऱ्या आयांत ते दिसतं. करंगळी बधिर होत असेल तर कोपराजवळची नस तपासायची. टेबलाच्या धारेवर कोपर टेकून बसणाऱ्यांना तो त्रास होतो. आणि मानेतून निघणारी नस दाबली गेली असेल, तर मनगटाला कितीही पट्टे बांधले तरी गुण येत नाही. म्हणून आधी दुखतं कुठे ते नीट बघायचं, मग उपाय.

नुसत्या दमलेल्या हाताची गोष्ट आणखी निराळी. हे ज्याचं त्यानं करून बघता येतं. डावा पंजा उजव्या कोपराच्या थोडं खाली, हाताच्या जाड भागावर ठेवा आणि उजवी बोटं हवेत टाईप केल्यासारखी हलवा. कातडीखाली स्नायू वळवळताना लागतील. बोटं हलवणारे बहुतेक मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते इथे असतात, आणि लांब दोऱ्यांनी बोटं ओढतात. संध्याकाळी कोपर ते मनगट जो भाग ठणकतो तो याच स्नायूंचा. मला हे कळल्यावर मी मनगट चोळायचं सोडून दिलं आणि हाताच्या वरच्या भागाला कोमट शेक द्यायला लागले. मनगटावर जोरानं तेल चोळलं, तर आधीच दाटीत असलेल्या नसेवर आणखी दाब.

उपाय म्हणून डॉक्टरांनी आधी दिला तो रात्रीचा स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारा पट्टा. दिवसा नव्हे, झोपताना. मनगट सरळ राहिलं की दाब सगळ्यात कमी. इंजेक्शन आणि बोगद्याचं छत कापून जागा मोकळी करणारी शस्त्रक्रिया या पुढच्या पायऱ्या. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला, तर वेळ दवडू नका, असं त्यांनी बजावलं. माझ्यावर ती वेळ आली नाही.

खरी उलटतपासणी झाली ती फिजिओथेरपिस्टकडे. मी टायपिंगबद्दल सांगायला लागले तर तिनं अडवलं. "ऑफिसचं नंतर. सकाळी उठल्यापासून हातानं काय काय करता ते सांगा." सांगता सांगता माझं मलाच नवल वाटायला लागलं. उठून कणीक मळायची. पोळ्या लाटायच्या. नारळ खोवायचा. पिळून कपडे वाळत घालायचे, कारण मोठ्या चादरी आणि सासूबाईंची नऊवारी मशीनमध्ये टाकायची नाही असा घरचा नियम. मग स्कूटर काढायची, म्हणजे उजवं मनगट मागे वाकवून ॲक्सिलरेटर पिळत, खड्ड्यांचे हादरे खात दुकानात पोचायचं. मग दिवसभर टायपिंग. परत स्कूटर, परत स्वयंपाक, आणि रात्री आडवं पडून मोबाईलवर नातेवाइकांच्या ग्रुपवर अंगठ्यानं उत्तरं. ती म्हणाली, "तुमचा हात टायपिंगनं दुखत नाही, टायपिंगनंही दुखतो. दिवसात त्याला सुट्टी कधी असते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कपडे पिळताना मनगट एकाच वेळी वाकतं, पिळलं जातं आणि पूर्ण जोरानं आवळलं जातं. मनगटाला याहून वाईट काम शोधून सापडणार नाही. ते काम आधी बंद करा, असं ती म्हणाली. सांगणं सोपं होतं. घरात ते दुसऱ्या कुणाकडे जायचं तर बोलणी करावी लागणार होती. ती मी केली. चादरी आणि नऊवारी मुलाकडे गेल्या. पहिले काही दिवस पाणी निथळत राहिलं, तारेखाली थारोळं साचायचं, सासूबाई न बोलता बघायच्या. नारळ खोवण्याऐवजी मिक्सरवर आला. पोळ्या मात्र मीच करते, पण कणीक आदल्या रात्री सैलसर भिजवून ठेवते, सकाळी तिला फारसं रगडावं लागत नाही. लोक कीबोर्डवर हजारो रुपये खर्च करतात. माझ्या हाताला पहिला उतार पडला तो नऊवारीची पिळणी थांबल्यावर.

दुकानातही पैशांनी काही विकत घ्यावं लागलं नाही. आमची टेबलं सगळीकडे असतात तशी, जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास उंच. माझ्यासारख्या बुटक्या बाईला तिथे कीबोर्ड ठेवला की खांदे उचलून धरावे लागतात. टेबल खाली करता येत नाही, म्हणून खुर्ची वर घेतली. मग पाय लोंबकळायला लागले, तर पायाखाली कागदाचं रीम आलं. डीटीपीच्या दुकानात रीमची काय कमी. कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात. बहुतेक जण ते उभे करून ठेवतात, कारण अक्षरं नीट दिसतात. त्यानं मनगट मागे वाकतं. ज्याला अक्षरं बघावी लागत नाहीत त्यानं ते पाय मिटावेत. मनगट टेकवायचं नाही, हे टायपिंगच्या सरांचं म्हणणं जेलच्या उशीला उत्तर होतं. टाईप करताना मनगट उशीवर दाबून ठेवलं की दाब नेमका बोगद्यावर पडतो. उशी थांबल्यावर हात ठेवायला आहे, चालू असताना नाही. हस्तलिखित डावीकडे सपाट पडलेलं असायचं आणि मान सतत खाली-डावीकडे. घरातलं पोथी ठेवायचं लाकडी घडीचं स्टँड दुकानात आणलं आणि मॅटर स्क्रीनच्या शेजारी, डोळ्यांच्या पातळीला उभं केलं.

सगळ्यात अवघड गेलं ते हळू मारायला शिकणं. टाइपरायटरवर घडलेला हात कीबोर्ड बडवतो. आताच्या कीबोर्डची कळ पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपासच्या जोरानं खाली जाते. गोदरेजच्या मशीनवरची करंगळी त्याच्या कितीतरी पट जोर लावायला शिकलेली. तो वाढीव जोर अक्षर उमटवत नाही, टेबलाला जाऊन भिडतो आणि तिथून उलट बोटांत येतो. माझ्या टायपिंगचा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू जायचा. मी आवाज हेच माप धरलं. बाहेर ऐकू येतंय तोवर जोर जास्त. मराठीत शिफ्टचं काम मोठं, हेही तेव्हाच जाणवलं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ख, घ, थ, ध, भ, ण, ळ, श सगळी शिफ्टवर. नुसतं 'आणि' घ्या, त्यातला आ आणि ण दोन्ही शिफ्ट दाबून. अक्षर ज्या हाताचं, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हातानं घेतलं तर पंजा ताणत नाही. क्लासमध्ये हे शिकवलेलं असतं, घाईत एकाच हातानं दोन्ही कळा ओढायची सवय लागते.

करेक्शनच्या दिवसांत टायपिंगपेक्षा माउस जास्त छळतो. आकड्यांच्या कळा उजवीकडे असल्यामुळे माउस लांब जातो आणि खांदा ताणलेला राहतो. मी माउस डाव्या हाताकडे दिला. काही दिवस अंधारात चाचपडल्यासारखं झालं, मग जमलं. पण त्यावरही विसंबू नये, हे मला एका तीनशे वर्षं जुन्या माहितीनं शिकवलं. आमच्याकडे आलेल्या एका लेखात बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याबद्दल मजकूर होता. कामधंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर त्यानं १७०० मध्ये पुस्तक लिहिलं आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिक-कारकुनांवर वेगळा भाग घातला. त्यात एका नोटरीची हकिगत आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्या हातानं लिहायला शिकला, आणि काही काळानं डाव्या हातालाही तेच दुखणं जडलं. काम एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकलं तर दुखणंही मागोमाग जातं, हे तीन शतकांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे.

रामाझ्झिनीनं लेखनिकांच्या दुखण्याची कारणं तीन सांगितली आहेत. सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. हिशेबात चूक झाली तर मालकाचं नुकसान, ही त्या काळच्या कारकुनाची धास्ती. तिसरं कारण वाचून मी टाईप करायची थांबले. प्रुफात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की संपादकाचा फोन, कवीच्या ओळी तुटल्या की कवीचा फोन. अंक छपाईला जायच्या आठवड्यात माझे खांदे कानाला लागलेले असतात आणि माउस मुठीत आवळलेला. कुठलंही यंत्र बदलून हा ताण सुटत नाही.

कळा कमी दाबणं हा पुढचा उपाय. मोसम नसतो तेव्हा आमच्याकडे खरेदीखतं, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं येतात. 'लिहून देणार', 'लिहून घेणार', 'सदर मिळकतीच्या चतुःसीमा' या ठरीव वाक्यांना मी दोन-तीन अक्षरांच्या खुणा करून ठेवल्या आहेत. खूण टाईप केली की अख्खं वाक्य उतरतं. दस्तऐवजात याची फार बचत होते, कथेत नाही. बोलून टाईप करायचंही केलं. गूगलनं २०१७ मध्ये मराठीत आवाजावरून टाईप करायची सोय दिली. स्वच्छ लिहिलेल्या वैचारिक लेखाला ती बरी पडते. मालवणी संवाद आले, आडनावं आली, की सगळं दुरुस्त करावं लागतं, आणि दुरुस्ती म्हणजे पुन्हा माउस. शिवाय एका खोलीत तिघी बसतो. तिघींनी एकदम बोलायचं ठरवलं तर एकीची कथा दुसरीच्या राशिभविष्यात शिरेल. माझ्या एकटीच्या वेळात, सकाळी लवकर, मी ती सोय वापरते.

हे सगळं करूनही थांबण्याचा प्रश्न शिल्लकच होता. फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम साधे होते. बोटं सरळ, मग आकड्यासारखी वाकवायची, मग मूठ, मग पुन्हा सरळ. सगळं सैल हातानं. रबरी चेंडू दाबायचा नाही, दमलेल्या स्नायूला आणखी मेहनत कशाला, असं तिचं म्हणणं. एका वेळेला मिनिटभरही लागत नाही. पण ते मिनिट काढायचं कोणी? पानावर पैसे असले की डोकं सतत पुढच्या पानावर असतं. मोबाईलवर गजर लावला, तर तो वाजला की बंद करायचा, हेच एक वाढीव काम झालं.

तेव्हा मी दुकानाच्या मालकांशी बोलले. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेच्या संशोधकांची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली आहे, ती मी त्यांना सांगितली. करखात्यातल्या डेटा-एंट्री ऑपरेटरांना नेहमीच्या दोन सुट्ट्यांशिवाय, ज्या तासांत सुट्टी नव्हती त्या तासांत पाच-पाच मिनिटं जास्तीची दिली. दिवसाची वीस मिनिटं कमी काम. त्यांच्या अंगाचा आणि डोळ्यांचा त्रास कमी झाला, आणि टाईप केलेलं काम घटलं नाही. मालक व्यवहारी माणूस. काम घटलं नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

मग आम्ही कामाची मांडणीच बदलली. सुट्टी घ्यायची असं ठरवलं की कुणी घेत नाही, म्हणून उठावं लागेल अशी कामं मुद्दाम लांब ठेवली. प्रिंटर बाहेरच्या खोलीत गेला. प्रत्येकीनं आपलं प्रूफ स्वतः जाऊन आणायचं. मॅटर टेबलावर गठ्ठ्यानं ठेवायचं नाही, एका वेळी थोडी पानं उचलायची आणि संपली की उठून पुढची घ्यायची. दिवसभर एकीनं टायपिंग आणि एकीनं पानं लावणं, ही वाटणी मोडली. सकाळी टाईप करणारी दुपारी मूळ प्रतीशी ताडून बघायला बसते, एक वाचते आणि दुसरी तपासते, म्हणजे दोघींचे हात मांडीवर. पानांचा आकडा पहिल्या आठवड्यात खाली आला, मग सावरला. चुका कमी झाल्यामुळे करेक्शनही कमी झाली, आणि ती तर आम्ही फुकटच करत होतो.

खरी झटापट दराची होती. पहिल्या प्रुफातल्या आमच्या चुका आमच्या, त्याचे पैसे नाहीत. पण लेखकानं किंवा संपादकानं नव्यानं लिहून दिलेला मजकूर वेगळा धरायचा, असं आम्ही बिलावर छापून घेतलं. दोन अंक त्यामुळे दुसरीकडे गेले. राहिलेल्यांपैकी एका संपादकांनी तर लेखकांनाच पत्र पाठवलं की दुसऱ्या प्रुफावर कथा नव्यानं लिहू नये. त्या वर्षी त्यांचा अंक सगळ्यात आधी छपाईला गेला.

माझा हात पूर्ण बरा झाला, असं मी म्हणणार नाही. थंडीत पहाटे अजून बधिरपणा येतो, स्प्लिंट उशाशी असतो आणि घटस्थापनेच्या आठवड्यात तो दुपारीही चढतो. पण कप धरता येतो, पिन लावता येते, आणि रात्रभर झोप लागते.

आता दुकानात नव्या मुली येतात. त्या टाइपरायटरवर शिकलेल्या नाहीत, त्यांचा हात मुळातच हलका आहे, पण त्यांचे अंगठे दिवसभर मोबाईलवर असतात. त्यातली एखादी मनगट चोळताना दिसली की तिला मी कुठला कीबोर्ड चांगला ते सांगत बसत नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत हातानं केलेलं प्रत्येक काम एका कागदावर लिही, म्हणते, आणि त्यातलं कोणतं दुसऱ्याकडे देता येईल त्यावर खूण कर. मुंग्या येत असतील तर कोणत्या बोटांना, ते लिहून डॉक्टरांकडे जा. आणि कुणी पानाचा दर विचारला तर एकदम आकडा सांगू नकोस. आधी विचार, करेक्शन कुणाची.